नेत्राणीची साक्ष

१

शनिवारी दुपारी जेवणं उरकून गौराबाई ओसरीवर अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा पवनकुमारचा फोन आला. पवन त्यांच्या थोरल्या भावाचा, गुंडुरावांचा मुलगा; सगळे एकाच घरात राहत. फोनमध्ये वारा घोंघावत होता आणि मागे कोणीतरी बाई रडत होती.

"आत्या, आईची अंगठी गेली," पवन म्हणाला.

कुठली अंगठी, हे विचारायची गरज नव्हती. पवनची आई भागीरथीबाई वारल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांची माणकाची अंगठी पवनच्या लग्नात नव्या सुनेच्या, मेघाश्रीच्या, बोटात गेली होती. मैसूरच्या या रंगारी घराण्याचा धंदा केव्हाच बसला, रंगाचे हौद बुजले, छापायचे ठसे विकले गेले, पण ते माणिक राहिलं. आपल्या घरातला तेवढाच एक रंग विटला नाही, असं गुंडुराव म्हणायचे.

मुलं गेली होती समुद्राच्या तळाशी. ही कल्पना गौराबाईंच्या एकुलत्या एका मुलाची, सुदीपची. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. शुक्रवारी सकाळी इडली खाता खाता त्याने मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचे व्हिडिओ सगळ्यांना दाखवले, सुम्ने, असंच सहज, जाऊन येऊ म्हणाला, आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत फोनवरूनच जागा ठरवून मोकळा झाला. घाबरायचं काही नाही, मी आहे ना, असं त्याने मेघाश्रीला दहादा तरी सांगितलं असेल. दुपारी पवन, मेघाश्री, पवनची धाकटी बहीण अमूल्या आणि सुदीप अशी चौघं पवनच्या गाडीतून कृष्णराजनगरच्या रस्त्याने निघाली. पोहायचे कपडेसुद्धा वाटेत हासनला घेतले.

गौराबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीत त्यांची ख्याती वेगळीच होती. देवळातली चांदीची आरती कोणी नेली, शेजारच्या नरसिंहमूर्तींच्या दुकानाचं कुलूप किल्लीशिवाय कसं उघडलं, असलं काही झालं की लोक आधी त्यांच्याकडे येत आणि मग ठाण्यात जात. त्या चार प्रश्न विचारत आणि माणूस दाखवून देत. आजवर चुकल्या नव्हत्या.

त्यांनी पवनला सावकाश विचारायला सुरुवात केली. अंगठी नक्की बोटात होती का? हो, सकाळी हॉटेलात नाश्त्याला होती, त्याने स्वतः पाहिली होती. सैल होती का? नाही, उलट घट्टच, साबण लावल्याशिवाय निघतच नसे. नाही हे केव्हा कळलं? डुबकी झाल्यावर परत बोटीत बसल्यावर. पाण्यात मेघाश्रीबरोबर कोण होतं? गाईड होता. नव्या माणसाला एकट्याला सोडत नाहीत, एकेका गाईडने एकेकाचा हात धरून खाली न्यायचं अशी पद्धत. मेघाश्रीचा हात धरलेला गाईड रमण हरिकांत नावाचा होता, तिथलाच मच्छीमार.

"पाण्याखाली अंगठी बोटात होती, हे कोणी पाहिलंय का?" गौराबाईंनी विचारलं.

फोनवर खुसपुस झाली आणि सुदीपचा आवाज आला.

"अम्मा, मी पाहिली."

"नक्की? अंगठीच होती कशावरून? खडा दिसला का, लाल?"

"हो. लालभडक चमकत होता. अगदी तळाशी. त्या माणसाने तिचा तोच हात धरला होता."

गौराबाईंच्या डोक्यात सगळे धागे एकदम जुळले.

२

त्यांचं म्हणणं असं होतं. जी अंगठी साबणाशिवाय निघत नाही, ती आपोआप गळून पडणार नाही, म्हणजे ती कोणीतरी ओढून काढली. तळाशी ती बोटात होती आणि वर आल्यावर नव्हती, म्हणजे काढली ती मधल्या वेळात. त्या वेळात तो हात फक्त एका माणसाच्या हातात होता. भेदरलेल्या मुलीला पाण्याखाली बोट दुखलं काय नि न दुखलं काय, काय कळणार?

गल्लीत कोणीही ऐकलं असतं तर मान डोलावली असती. पवनने तर बोटीतच मान डोलावली. गौराबाईंनी तेवढ्यावर न थांबता आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता पोलिसांत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याने 'मॅडम, तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार' म्हणून किनाऱ्यावर निरोप धाडला. बोट धक्क्याला लागायच्या आत शिपाई येऊन उभे होते.

अंगठी मात्र रमणजवळ सापडली नाही, त्याच्या पिशवीत नाही, बोटीतही नाही. वाटेतच कुठेतरी दडवली असेल, असं ठरलं. पवनने तक्रार दिली, सुदीपने साक्ष दिली. रमणचा मेव्हणाही तिथेच गाईड होता. तो पोलिसांना काहीतरी उलटंच सांगू लागला, पण विद्यार्थ्याने संध्याकाळी फोनवर कळवलं की तिकडे लक्ष देऊ नका, एकमेकांना वाचवायला ही माणसं वाटेल ते बोलतात. गौराबाई हसून म्हणाल्या, "साहजिकच आहे."

रविवारी संध्याकाळी मुलं परत आली. जेवताना पवन, मेघाश्री आणि अमूल्या इतक्या मोठ्यानं बोलत होती की गुंडुरावांनी दोनदा हटकलं. पाण्याच्या दाबाने कानांत दडे बसलेत, अजून सुटले नाहीत, असं अमूल्याने सांगितलं. सुदीप तेवढा हळू बोलत होता. तो पट्टीचा गडी, आपल्या बापासारखा मजबूत, असं गौराबाईंच्या मनात आलं आणि त्यांनी त्याच्या पानात तुपाची धार जरा जास्त धरली.

गुंडुराव सुनेला एक शब्द बोलले नाहीत. पण हात धुवायला उठताना त्यांनी तिच्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं, आणि ती पोरगी पान तसंच ठेवून आत गेली.

मंगळवारी विद्यार्थ्याचा फोन आला. अंगठी मिळत नाही. रमणला सोडलंय, पण रोज ठाण्यात हजेरी लावली आहे. स्कूबावाल्या मालकाने त्याला कामावरून काढलंय.

"बरोबरच केलं," गौराबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवताना त्यांची नजर न्हाणीपाशी भांडी विसळणाऱ्या मेघाश्रीच्या हातावर पडली. बाही वर सरकलेली होती. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, आतल्या बाजूला, एक काळानिळा वळ उमटलेला होता.

३

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो पवनचा. जाण्यावरून नवराबायकोत कुरबूर झाली होती, हे त्यांना ठाऊक होतं. मेघाश्रीला पाण्याची भीती, तिला जायचंच नव्हतं. त्यांनी तिला आत बोलावून दार लोटलं आणि सरळ विचारलं.

मेघाश्री चकित झाली. पवनने कधी बोटसुद्धा लावलं नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. वळ तिला शनिवारी संध्याकाळी हॉटेलात दिसला होता. खडकाला, नाहीतर प्रवाळाला हात लागला असेल असं तिला वाटलं.

"सूटच्या आत?" गौराबाईंनी विचारलं.

पाण्यात उतरायचा सूट जाड रबराचा, मनगटापर्यंत. खडक त्याच्या आत शिरणार कसा? गौराबाईंनी तिचा हात उजेडाकडे वळवला. वळ गोल होता, आणि त्याच्या एका अंगाला दाबल्यासारखी खोल खूण होती. सूट घातल्यावर तिथे काही टोचत होतं का, असं विचारल्यावर मेघाश्री म्हणाली की सगळंच आवळत होतं, टोचत होतं, रुतत होतं. समुद्र खवळलेला, जाताना ती पूर्ण वेळ डोळे मिटून ओकत होती. हाताकडे बघायचं भान कोणाला?

दुपारी गौराबाईंनी अमूल्याला गाठलं. तिच्याबद्दल त्यांना एक शंका होती, आणि ती त्यांनी आजवर कोणाला बोलून दाखवली नव्हती. आईची अंगठी वहिनीला गेली याचं अमूल्याला वाईट वाटलं होतं. लग्नाच्या दिवशी ती गच्चीवर जाऊन रडली होती.

अमूल्याने आत्याचा रोख ओळखला. ती संतापली नाही. "मला हवी होती, आत्या," ती म्हणाली. "अम्माची होती ना. पण मी घेतली नाही. उलट सूट घालताना वहिनीला मीच हेल्प केली. तिची साइज नव्हती, हात आत जातच नव्हता. मग त्या रमणने शाम्पूचं पाणी दिलं, मी ते स्लीव्हमध्ये ओतलं, अर्ध्यात अडकलेला हात एकदा मागे ओढून काढला, आणि मग दोघींनी मिळून तो परत आत खेचला."

शाम्पूचं पाणी, हे दोन शब्द गौराबाईंच्या डोक्यात घणासारखे बसले.

साबण लावल्याशिवाय निघत नाही ती अंगठी. मग त्या घट्ट, निसरड्या बाहीतून बोट मागे ओढलं जाताना ती निघाली असेल, तर? मनगटाच्या वर, रबर आणि कातडी यांच्यात ती पूर्ण सफरभर रुतून बसली असेल, तर? वळ गोल होता. एका अंगाला खड्याची खोल खूण होती.

पण मग सुदीपने तळाशी काय पाहिलं?

४

अमूल्याच्या फोनमध्ये मेघाश्रीच्या डुबकीचा व्हिडिओ होता. मालकाने प्रत्येकाचा वेगळा पाठवला होता, सुदीपचा सोडून. आपल्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली, असं सुदीपने सांगितलं होतं. गौराबाईंनी चष्मा पुसून फोन हातात घेतला.

हिरवट निळं पाणी. मास्कआड मेघाश्रीचे घाबरलेले डोळे. रमणने तिचा अंगठीचा हात आपल्या मुठीत धरलेला, त्यामुळे ती बोटं दिसतच नव्हती. दुसऱ्या हाताने तिने कॅमेऱ्याला 'ठीक आहे' अशी खूण केली. तो हात काचेच्या अगदी जवळ आला.

गौराबाईंनी व्हिडिओ थांबवला आणि मेघाश्रीला हाक मारली. ती आली तशी तिचा हात धरून फोनशेजारी ठेवला.

तिची नखं लालचुटुक रंगवलेली होती. शुक्रवारी निघायच्या आधी अमूल्यानेच रंगवून दिली होती, कडेला रंग थोडा उडाला होता एवढंच. फोनमधल्या हाताची तीच नखं काळपट दिसत होती, जुन्या रक्तासारखी.

"पाण्यात कलर चेंज झाला की काय?" अमूल्याने विचारलं.

रंग बदलला नव्हता. उजेड बदलला होता. हेच तर गौराबाईंनी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं, रंगांच्या रसायनाच्या तासाला, फळ्यावर इंद्रधनुष्याचे पट्टे काढून. रंग वस्तूत नसतो, तो उजेडातून उचललेला असतो. आणि पाणी उजेडातला लाल सगळ्यात आधी पिऊन टाकतं. चार पुरुष, म्हणजे सातआठ मीटर, खोल गेलं की लाल म्हणून काही उरतच नाही, दिवा लावला तरच तो परत दिसतो. तिथे दिवा नव्हता. तळाशी माणिक दिसलंच असतं, तर कोळशाच्या खड्यासारखं दिसलं असतं.

जो खरोखर खाली गेला, त्याला लालभडक खडा दिसणं शक्य नव्हतं.

आणि कान. रविवारच्या जेवणाला तिघांच्याही कानांत दडे बसलेले होते आणि सुदीपचे कान तेवढे स्वच्छ होते. तो जास्त मजबूत होता म्हणून नव्हे. पाण्याचा दाब त्याच्या कानांवर आलाच नव्हता.

त्यांनी विद्यार्थ्याला फोन लावला आणि विचारलं, रमणचा मेव्हणा उलटंसुलटं काय सांगत होता. विद्यार्थी जरा घुटमळला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचा मुलगा त्याच्याबरोबर होता. तो म्हणत होता की मुलगा खाली गेलाच नाही. डोकं पाण्यात गेल्याबरोबर घाबरला आणि वर आला. मी म्हटलं, तुम्हाला कशाला सांगायचं."

गौराबाईंनी फोन पदरात ठेवला. सत्य शनिवारीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं, आणि त्या हसल्या होत्या. सांगणारा बोटीवरचा गाईड होता आणि न सांगणारा आपला मुलगा होता, एवढ्यावरून त्यांनी खरं-खोटं ठरवलं होतं. मुली आत गेल्या होत्या, कोणी पाहत नव्हतं, तरी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

५

सुदीप संध्याकाळी कामावरून आला. बूट काढायच्या आधीच गौराबाईंनी त्याला गच्चीवर बोलावलं. काय विचारायचं याची जुळणी त्यांनी दुपारभर केली होती, पण तो समोर उभा राहिल्यावर ती सगळी विसरली.

"कान दुखले नाहीत तुझे," त्या म्हणाल्या.

तो कठड्याला टेकला. मग त्याने सांगायला सुरुवात केली, आणि मान वर न करता सांगत राहिला. बोटीतून पाण्यात उतरल्यावर मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. तोंडाने श्वास घ्यायचा हे शिकवलं होतं, पण ते आठवेना. आपण मेलोच असं त्याला वाटलं. त्याने त्या गाईडच्या मानेला मिठी मारली, त्याचा मास्क ओढला, ओरडला. दोघातिघांनी धरून त्याला बोटीत घेतलं. परके लोक बघत होते, एकजण हसला. मेघावहिनी, जिला आपण धीर देत आणलं, ती खाली जाऊन आली. अमूल्या दोनदा गेली. त्यांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, माझं आधीच झालं, मस्त होतं.

"मग वहिनी रडायला लागली," तो म्हणाला. "सगळे विचारत होते, खाली कोणी पाहिली, कोणी पाहिली. मी बोलून गेलो, मी पाहिली. मी खाली होतो असं वाटावं म्हणून. एवढंच होतं, अम्मा. त्या माणसाचं नावसुद्धा मनात नव्हतं."

"नंतर खरं सांगता आलं असतं."

"तू फोनवर आलीस ना. तू म्हणालीस, खडा दिसला का, लाल. मी हो म्हटलं. मग तू सगळं इतकं बरोबर जुळवलंस की मलाच वाटायला लागलं, त्यानेच घेतली असेल."

गौराबाईंना तो क्षण जसाच्या तसा आठवला. लाल हा शब्द आधी त्यांच्या तोंडून आला होता. त्यानं फक्त त्याला भडक जोडलं होतं. ज्या बाईनं पोरांना उजेड शिकवला, तिनेच साक्षीदाराच्या तोंडात चुकीचा रंग घातला होता.

त्यांना मुलाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. त्या खाली उतरल्या आणि स्कूबावाल्या मालकाचा नंबर लावायला सांगितला.

६

मालक आधी वैतागला. मग गौराबाईंनी नेमकं काय शोधायचं ते सांगितलं. मेघाश्रीने किनाऱ्यावर परतल्यावर शेडमध्ये सूट उलटा सोलून काढला होता आणि रडत रडत तो धुवायच्या टाकीत टाकला होता. बोटीत हात रिकामा दिसला तेव्हा सगळ्यांनी बोट धुंडाळली, पिशव्या धुंडाळल्या, रमणला धुंडाळलं. तिच्या स्वतःच्या बाहीत पाहावं असं कोणाला सुचलं नाही, कारण अंगठी तळाशी बोटात होती अशी साक्ष होती. त्या एका वाक्याने जिथे शोधायला हवं होतं तेवढीच जागा बंद केली होती.

मालकाने टाकीचं पाणी सोडलं. तळच्या वाळूत, जाळीपाशी, अंगठी मिळाली. फोनवर त्याने तिचा फोटो पाठवला.

गुंडुरावांनी फोटो पाहिला, डोळे पुसले, देवापुढे दिवा लावला. मग बहिणीला म्हणाले की आता हा विषय संपला. तक्रार मागे घ्यायची, अंगठी आणायची, आय्तु, झालं.

"अण्णा, मालक काय म्हणतो ते ऐका," गौराबाई म्हणाल्या. "तो म्हणतो, रमणनेच घाबरून टाकीत टाकली असणार. तळाशी बोटात होती, असं आपलाच सुदीप सांगतो ना. मग टाकीत आली कशी? तो रमणला परत कामावर घ्यायला तयार नाही."

गुंडुरावांनी विचार केला. सुदीपकडे पाहिलं, तो दारात उभा होता. "केस नाही म्हणजे तो मोकळाच झाला की," ते हळू म्हणाले. "आपल्या मुलाचं नाव कशाला मध्ये? लोकांत काय तोंड दाखवशील, गौरा? उद्या त्याचं लग्न करायचंय."

भाऊ वाईट माणूस नव्हता. तीन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःही हेच म्हटलं असतं, हे गौराबाईंना कळत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"अंगठी सापडली म्हणून तो सुटत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. "सुदीप खोटं बोलला म्हटल्यावरच सुटतो." मग त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, "येतोस का?"

तो येतो म्हणाला. पण त्याचा चेहरा असा होता की समुद्राकडे निघालेल्या गाडीत तो खरंच बसेल का, याची शनिवारपर्यंत त्यांना खात्री नव्हती.

७

तो बसला. पवनने गाडी चालवली, मेघाश्री मागे गौराबाईंशेजारी बसली. आदल्या खेपेसारखं कोणी गाणं लावलं नाही. घाटात सुदीपने एकदा काच खाली करून तोंड बाहेर काढलं, ते ओकारी आली म्हणून की रडू आलं म्हणून, हे कोणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी ठाण्यात सुदीपने नवा जबाब दिला, त्याखाली सही केली. मालकाने अंगठी मेघाश्रीच्या हातात ठेवली आणि दोनदा माफी मागितली, गिऱ्हाईक म्हणून. रमणबद्दल विचारल्यावर म्हणाला, ठीक आहे, सोमवारी ये म्हणून कळवतो.

"आम्हीच सांगतो," गौराबाई म्हणाल्या.

रमण धक्क्याच्या पलीकडे एका मच्छीमारी नावेत जाळं सोडवत बसला होता. गौराबाईंनी मनात एक माणूस रंगवला होता, चपळ बोटांचा, खाली बघणारा. हा चाळिशीचा, टक्कल पडत आलेला, शांत माणूस होता. त्याने मेघाश्रीला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला. गौराबाईंनी कन्नडातून सगळं सांगितलं, बाही, साबण, टाकी, सुदीपची साक्ष. काही गाळलं नाही. तो ऐकत राहिला. सुदीप हात जोडून म्हणाला की त्याची चूक झाली, मोठी चूक झाली.

"इथे नको," रमण म्हणाला.

त्यांना समजेना. त्याने धक्क्याकडे बोट दाखवलं. सकाळच्या बोटीसाठी नवी गिऱ्हाइकं जमत होती, तरुण मुलं-मुली, हातात फोन, पाठीवर पिशव्या.

"माझी झडती तिथे घेतली," तो म्हणाला. "सूट काढायला लावला. खालचे कपडेही झटकून दाखव म्हणाले. बोटीतले सगळे लोक उभे होते. माझी मुलगी डबा घेऊन आली होती, तीही होती."

गौराबाईंनी मुलाकडे पाहिलं. हे त्याने सांगितलं नव्हतं. पवननेही नाही, अमूल्यानेही नाही. मेघाश्री पायाखालच्या ओल्या फळ्यांकडे बघत होती. चौघांनी ते पाहिलं होतं आणि घरी येऊन एकानेही त्याचा उच्चार केला नव्हता.

"तिथे सांगा," रमण म्हणाला.

ते धक्क्यावर गेले. मालक पुढे येऊन म्हणू लागला की गिऱ्हाइकांपुढे कशाला, आत बसून बोलू. रमणने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुदीप लोकांसमोर उभा राहिला. त्याने बोलायला सुरुवात केली, पण इंजिनं धडधडत होती आणि त्याचा आवाज छातीतून वर येत नव्हता. पुढच्या एक-दोघांनी वळून पाहिलं, बाकीचे आपल्या नादात होते.

"मोठ्यानं," रमण म्हणाला. "माझं सगळ्यांना ऐकू गेलं होतं."

सुदीपने परत सुरुवात केली. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मागच्या शनिवारी मी इथे आलो होतो, पाण्यात घाबरलो, खाली गेलोच नाही, आणि खाली गेलो असं दाखवण्यासाठी या माणसाविरुद्ध खोटी साक्ष दिली. यांनी चोरी केलेली नाही. ते ऐकता ऐकता गर्दीची कुजबूज थांबली. मग एकाने फोन वर धरला, मग दुसऱ्याने. काचांचे छोटे चौकोन सुदीपच्या तोंडाकडे वळले.

गौराबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. पुढे व्हावं, त्याचं तोंड झाकावं, पुरे झालं म्हणावं, त्याला गाडीत बसवावं. ते चित्र आता कुठे कुठे जाईल, हूटगळ्ळीला त्याच्या कामावर, गल्लीत, अण्णांच्या फोनमध्ये, हे सगळं त्यांना दिसलं. पदर त्यांच्या मुठीत आला होता.

त्या पुढे झाल्या, पण मुलापुढे नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, चष्मा काढला आणि फोनांकडे तोंड केलं.

"मी याची आई," त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा आवाज त्यांनी लावला. "मी प्राध्यापक होते. यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. तरी चोर हेच, असं मैसूरला घरी बसून मी ठरवलं. पोलिसांना फोन मी केला. यांचे मेव्हणे खरं सांगत होते, ते मी ऐकलं नाही."

रमण शेवटपर्यंत थांबला नाही. मधेच वळून आपल्या नावेकडे गेला. तो क्षमा करून गेला की कंटाळून गेला, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. सोमवारी तो कामावर येईल का, हे मालकालाही माहीत नव्हतं.

ज्याच्यासाठी बोलायचं तो निघून गेल्यावर थांबता आलं असतं. सुदीपने आईच्या कोपराला हात लावलाही. पण अजून सांगायचं उरलं होतं, त्या हसल्या होत्या ते, बरोबरच केलं म्हणाल्या होत्या ते, आणि लाल हा शब्द कोणाचा होता तेही. गौराबाईंनी ते सगळं सांगितलं.